चौघांचं घर, दोघांच्या सह्या आणि मधेच गेलेला एक

प्रश्न थोडक्यात असा. बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत काम करणारा, खानापूर तालुक्यातला तरुण. अनगोळला चौघांनी मिळून एका घराचा वरचा मजला भाड्यानं घेतला. भाडं १४,००० रुपये, डिपॉझिट ६०,०००, दोन्ही चौघांत सारखं. जूनपासून अकरा महिन्यांचा बाँड, म्हणजे भाडेकरार झाला, तो कन्नडमध्ये. त्यावर सह्या दोघांच्याच: एक प्रश्नकर्त्याची, दुसरी ज्याला पुण्यात नोकरी लागली त्याची. निपाणीचा आणि चंदगडचा असे बाकीचे दोघं नुसतेच राहतात. पुण्याचा गडी ऑक्टोबरअखेर ग्रुपवर "मी रूम सोडलो" एवढंच टाकून गेला. नोव्हेंबर आणि डिसेंबरचं सगळं भाडं राहिलेल्या तिघांनी भरलं. आता तो आपले १५,००० परत मागतोय. खाली राहणारे मालक म्हणतात, जानेवारीपासून रिकाम्या जागी माझा माणूस येईल, पटत नसेल तर घर सोडा. पाण्याची मोटार बंद करायची भाषाही झाली आहे. कोल्हापूरचे मामा म्हणतात, रजिस्टर न केलेला करार चालतच नाही, दोन महिन्यांपेक्षा जास्त डिपॉझिट घेताच येत नाही, तू बिनधास्त राहा. खरं कुणाचं?

मामांपासून सुरुवात करतो, कारण बेळगावातल्या निम्म्या भाड्याच्या भांडणांत असा एखादा मामा असतोच. ते खोटं बोलत नाहीत, फक्त दुसऱ्या राज्याचा कायदा सांगताहेत. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे भाड्याचा करार लेखी करून नोंदवणं तिथं सक्तीचं आहे, अकरा महिन्यांचा असला तरी, आणि ती जबाबदारी घरमालकावर आहे. पण हा कायदा शिनोळीपर्यंत येतो आणि तिथंच थांबतो. शिनोळीत खोली घेऊन बेळगावात कामाला येणाऱ्याला तो लागू, चंदगडहून येऊन अनगोळला राहणाऱ्या तुमच्या मित्राला नाही. घर ज्या जमिनीवर उभं आहे तिथला कायदा, रेशनकार्ड कुठलंही असो. सीमेचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, पण त्याच्या निकालाची वाट बघत कुणी मालक भाडं थांबवून ठेवत नाही.

दोन महिन्यांच्या डिपॉझिटची गोष्ट वेगळीच. जून २०२१ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं आदर्श भाडेकरू कायद्याचा मसुदा मंजूर केला, त्यात राहत्या घरासाठी दोन महिन्यांच्या भाड्याची मर्यादा सुचवली होती. मोबाइलवर फिरतो तो मजकूर तिथून आला. आदर्श कायदा म्हणजे राज्यांपुढे ठेवलेला नमुना असतो, तो आपोआप कुणाच्या घराला लागू होत नाही. तुम्ही चार महिन्यांच्या भाड्याहून जास्त डिपॉझिट दिलंत ते तुमच्या खुशीनं दिलंत, असंच धरलं जाणार.

मग तुम्हाला लागू काय? कर्नाटकाचाही भाडे कायदा आहे, १९९९ चाच, ३१ डिसेंबर २००१ पासून अमलात आलेला. पण मोठ्या शहरांत महिना ३,५०० रुपयांपेक्षा आणि बाकीच्या ठिकाणी २,००० रुपयांपेक्षा जास्त भाडं असलेल्या घरांना तो लागूच होत नाही. शहापूरच्या किंवा खडेबाजारामागच्या एखाद्या गल्लीत दोन-तीन पिढ्या राहणारं कुटुंब महिन्याला काही शे रुपये देतं, त्यांना त्या कायद्याचं छत्र आहे. १४,००० च्या घराला नाही. तुमच्यासाठी दोन जुने कायदे उरतात: मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ आणि करार कायदा, १८७२. दोन्ही ब्रिटिश काळातले, पण तुमच्या भांडणातल्या जवळजवळ प्रत्येक गोष्टीला त्यांत उत्तर आहे.

अकरा महिन्यांचं कोडंही तिथंच सुटतं. एका वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावाच लागतो, म्हणून सगळे अकरा महिन्यांवर थांबतात. तुमचा बाँड नोंदलेला नाही म्हणून तो रद्द ठरत नाही. नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे, एवढं मात्र लक्षात असू द्या. तीन वर्षांचा करार नोटरी करून "रजिस्टर केलाय" म्हणून दाखवणारे लोक मला दर महिन्याला भेटतात. स्टँपचीही रक्कम बघून घ्या. तुमच्याच तालुक्यातल्या तेलगीच्या घोटाळ्यानंतर छापील स्टँप पेपर गेला आणि ई-स्टँप आला, पण कमी किमतीच्या स्टँपवर करार करायची आपली सवय काही गेली नाही. असा कागद कोर्टात पुढे केला की आधी फरकाची रक्कम आणि तिच्या दहापट दंड भरा म्हणतात, मगच तो पुराव्यात घेतात.

आता मुद्द्यावर येऊ. तुम्ही विचारलंय, "माझा वाटा ३,५०० चा, तो मी वेळेवर दिलाय, मग पुण्याला गेलेल्याचं मी का भरू?"

भरायचं, कारण मालकाला चार वाटे दिसतच नाहीत. त्याला १४,००० चं एक घर दिसतं आणि त्यावर दोन सह्या दिसतात. करार कायद्याचं कलम ४३ सांगतं की दोघांनी किंवा जास्त जणांनी मिळून एक वचन दिलं असेल आणि कागदात उलट काही लिहिलेलं नसेल, तर त्यातल्या कुणाही एकाकडून सगळी रक्कम मागता येते. कायद्याच्या पुस्तकातच उदाहरण आहे: तिघांनी मिळून चौथ्याला ३,००० रुपये द्यायचं कबूल केलं, तर चौथा त्यांतल्या एकट्याकडून पूर्ण ३,००० घेऊ शकतो. पुण्याच्या माणसाला शोधत बसायची मालकावर सक्ती नाही. तुम्ही समोर दिसता, म्हणून तुम्हाला धरणार.

बाँड पुन्हा काढून बघा. त्यात कुठंतरी 'जंटियागि मत्तु प्रत्येकवागि' असे शब्द असण्याची दाट शक्यता आहे. या एका शब्दानं मराठी माणसाला फसताना मी बघितलंय. आपल्या डोळ्यांना 'प्रत्येक' दिसतं आणि वाटतं, प्रत्येकाचं आपापलं. कन्नडमध्ये प्रत्येक म्हणजे वेगवेगळं, स्वतंत्रपणे. आणि ते दोन शब्द जोडीनं आले की कायद्यात अर्थ होतो: सगळ्यांनी मिळून, नाहीतर कुणाही एकट्यानं, पूर्ण रक्कम द्यायची. म्हणजे आपण वाचतो त्याच्या नेमकं उलट. 'बाडिगे' म्हणजे भाडं आणि 'मुंगड' म्हणजे ॲडव्हान्स इतकं सगळ्यांना कळतं, अडतं ते असल्या शब्दांवर. सही करायच्या आधी कोर्टाच्या आवारातल्या टायपिस्टकडून बाँड मराठीत वाचून घ्यायला पाच-दहा मिनिटं लागतात. सही केल्यावर, त्या घरात पाच महिने राहिल्यावर, "मला कन्नड वाचता येत नव्हतं" हे कुणी ऐकत नाही.

मालकाशी हिशेब असा झाला. पण त्याच कलमात पुढं तुमच्या बाजूचं वाक्य आहे, आणि ते लोकांना माहीत नसतं. ज्यानं सगळ्यांच्या वतीनं भरलं, त्याला बाकीच्या सहीवाल्यांकडून त्यांचा वाटा वसूल करता येतो. वाटा सारखा धरायचा, वेगळं काही ठरल्याचं दिसत नसेल तर. बाँडवर सह्या दोघांच्याच, म्हणून कुणी म्हणेल की निम्मं-निम्मं, सात-सात हजार. पण तुमच्यात वेगळं ठरलं होतं, चार वाटे, आणि पाच महिने प्रत्येकाच्या खात्यातून ३,५०० गेल्याचा फोन-पे किंवा गुगल-पेचा पुरावा तुमच्याकडे आहे. तोच तुमचा आपसातला करार. लेखी नसला तरी तो करारच.

"पण मालकांनीच त्याला फोनवर सांगितलं, जा बाबा, तुझ्याकडं आमचं काही नाही." असंही तुम्ही लिहिलंय. कलम ४४ वाचा. मालकानं एका सहीवाल्याला सोडलं म्हणून दुसरा सुटत नाही, आणि सुटलेला माणूस आपल्या जोडीदारांच्या देण्यातूनही सुटत नाही. म्हणजे मालकाच्या उदारपणाचा भुर्दंड तुमच्यावर पडू नये याची सोय १८७२ सालीच करून ठेवली आहे. ग्रुपवर टाकलेला "मी रूम सोडलो" हा मेसेजही मालकाला दिलेली नोटीस होत नाही. बाँडमध्ये एक महिन्याच्या नोटिशीची अट असेल तर ती मालकाला, लेखी, द्यायची असते.

म्हणून त्याचे १५,००० आज देऊ नका, आणि बुडवूही नका. डिपॉझिट मालकाकडं आहे, घर रिकामं होईपर्यंत त्याचा चौथा हिस्सा परत द्यायला मालक बांधील नाही. नवीन माणूस येताना १५,००० घेऊन येईल तेव्हा हिशेब मिटवा. नोव्हेंबर आणि डिसेंबरचे त्याचे ३,५०० प्रमाणे ७,००० झाले. ते वळते करून ८,००० त्याला पाठवा. उरलेले ७,००० ज्या तिघांनी जास्तीचं भाडं भरलं त्यांचे, प्रत्येकी साधारण २,३३३. त्याला हा हिशेब आधी मेसेजनं कळवा, भांडणाची भाषा न वापरता. पुढच्या चार महिन्यांचे, एप्रिलपर्यंतचे १४,००० ही त्याच्याकडून मागता येतील का? जागा रिकामीच राहिली आणि तुम्ही माणूस शोधायचा खरा प्रयत्न केला असेल तर कागदावर मागता येतील. पण प्रयत्न न करता, खोली ऐसपैस वापरत, त्याच्या नावावर मीटर चालू ठेवता येणार नाही. नुकसान कमी करायची जी वाट हातात होती ती वापरली का, हे कायदा बघतोच. नोटिशीचा एखादा महिना आणि प्रत्यक्ष रिकामा गेलेला काळ एवढ्यावर मिटवा, असं माझं मत. १४,००० साठी वकील लावून पुण्याच्या मुलावर दावा लावायला कुणी आलं तर मी त्याला चहा पाजून परत पाठवतो. हक्क तीन वर्षं जिवंत राहतो, धमकावण्यापुरता तो पुरे.

हे मी तटस्थपणे सांगतोय असं समजू नका. नव्वदच्या दशकात लॉ करताना टिळकवाडीत आम्ही तिघं राहायचो. मला संध्याकाळची टायपिंगची नोकरी होती, म्हणून "तुझी सही चालेल" असं म्हणून बाँड माझ्या एकट्याच्या नावावर झाला. परीक्षा संपली, दोघं गावी गेले आणि मालकांनी उन्हाळ्याचे तीन महिने माझ्याकडून वसूल केले. कलम ४३ मला तेव्हा तोंडपाठ होतं, त्यावर प्रश्नही लिहिला होता. पण बाँडवर दुसरी सहीच नव्हती, मग वाटा मागायचा कुणाकडं आणि कशाच्या जोरावर? एकाकडून पैसे निघायला दोन दिवाळ्या गेल्या. दुसऱ्याकडून अजून निघायचेत, आणि आता तो माझा दूरचा व्याही लागतो, त्यामुळं निघणारही नाहीत.

तुमच्या घरातले निपाणीचे आणि चंदगडचे दोघं आज त्या दोघांच्या जागी आहेत. सही नाही म्हणून मालक त्यांच्याकडून भाडं मागू शकत नाही, यात त्यांना आनंद वाटत असेल. पण सही नाही म्हणजे मालकापुढं उभं राहायला पायही नाही. उद्या तुम्ही आणि पुण्याचा गडी मिळून घर सोडतो म्हणून लिहून दिलंत, तर त्या दोघांना "आम्हीही भाडेकरू" म्हणायला फारच थोडी जागा उरते. भाडं थेट मालकाच्या खात्यात त्यांच्या नावानं गेलं असेल तर थोडा आधार मिळतो, कारण मग मालकाला "हे कोण, मला माहीत नाही" म्हणता येत नाही. माझा सल्ला नेहमी एकच: राहणाऱ्या सगळ्यांची नावं आणि सह्या. अपवाद अठरा पूर्ण न झालेल्यांचा. पीयूसीच्या (अकरावी-बारावीच्या) मुलांना घर देताना मालक त्यांचीच सही घेतात आणि नंतर डोक्याला हात लावतात, कारण अल्पवयीन मुलाचा करार उभाच राहत नाही. तिथं वडिलांची सही हवी.

आणि सगळ्यांच्या सह्या झाल्यावरही कलम ४३ मधून सुटायचं असेल तर तीही वाट त्याच कलमात आहे: "उलट काही लिहिलेलं नसेल तर". म्हणजे लिहून घ्या. प्रत्येकाची जबाबदारी आपापल्या ३,५०० पुरती, एवढं एक वाक्य. मालक सहसा मान्य करत नाहीत, त्यांच्या जागी मीही करणार नाही. पण ज्या घरात कॉट-बेसिसवर माणसं घेतली जातात, एकेकाकडून वेगळं डिपॉझिट, एकेकाला वेगळी पावती, तिथं मुळात व्यवहारच वेगळा असतो. तिथं तुमचं घर नसतं, तुमची खाट असते. खाट तुमची असेल तर शेजारच्या खाटेचं भाडं तुमच्या गळ्यात पडत नाही. उलट शेजारी कोण येणार हेही तुम्हाला ठरवता येत नाही.

इथंच मालकांच्या "माझा माणूस घालतो" याचं उत्तर आहे. तुमचा बाँड पूर्ण वरच्या मजल्याचा आहे आणि भाडंही पूर्ण मजल्याचं घेतलं जातंय. मग त्या मजल्याचा ताबा मुदतीपर्यंत तुमचा. एक खाट रिकामी झाली म्हणून मालक तिथं कुणाला बसवू शकत नाहीत. चारही वाट्यांचं भाडं तुमच्याकडून घ्यायचं आणि चौथ्या खाटेवरचा माणूस मात्र त्यांनी ठरवायचा, असं दोन्ही बाजूंनी चालत नाही. मात्र तुम्हालाही परस्पर कुणाला आणता येणार नाही. पोटभाडेकरू ठेवू नये अशी अट जवळजवळ प्रत्येक छापील बाँडमध्ये असते, तुमच्याही असेल. म्हणून नवीन मुलगा शोधा, त्याचं आधार आणि कामाचं ओळखपत्र घेऊन खाली जा, मालकांची लेखी संमती घ्या. जमलं तर याच निमित्तानं नवीन बाँड चौघांच्या नावानं करून टाका, म्हणजे पुण्याच्या गड्याचं नावही रीतसर निघेल आणि पोलीस ठाण्यात भाडेकरूंची माहिती द्यायची असेल तीही एकदम होईल. नवीन माणसाबद्दल मालकांना काळजी वाटणं चूक नाही. ते खाली राहतात, रात्री दोनला गेट कोण वाजवतंय हे त्यांना ऐकू येतं.

"घर सोडा" म्हणण्याबद्दल. मुदत संपेपर्यंत, बाँडमधल्या नोटिशीच्या अटीशिवाय, तोंडी सांगून घर सोडायला लावता येत नाही. एप्रिलनंतर नवीन बाँड न करता तुम्ही राहत गेलात आणि मालक भाडं घेत गेले, तर ते महिन्या-महिन्याचं भाडं होतं, आणि मग मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०६ प्रमाणे दोघांपैकी कुणीही पंधरा दिवसांची लेखी नोटीस देऊन ते संपवू शकतं. नोटिशीत एक खोच आहे. एकत्र भाडेकरूंपैकी एकाला नोटीस मिळाली तर ती सगळ्यांना मिळाली असं धरतात, सर्वोच्च न्यायालयानं तसं ठरवलेलं आहे. म्हणजे मालकानं पुण्याच्या गड्याच्या हातात कागद दिला आणि त्यानं तो बॅगेत टाकला, तरी तो तुम्हाला पोचला असं म्हणता येईल. एवढ्यासाठी तरी त्याच्याशी बोलणं तोडू नका. आणि नोटिशीची मुदत संपली तरी मालकाला कुलूप लावायचा अधिकार येत नाही, त्याला फक्त दावा लावायचा अधिकार येतो.

पाण्याच्या मोटारीचं गंभीरपणे घ्या. राकसकोप जलाशयाचं पाणी वरच्या टाकीत चढलं नाही तर वरच्या मजल्यावर दोन दिवस काढता येत नाहीत, आणि हे मालकांना तुमच्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं. पाणी, वीज, जिना, गेट हे घराबरोबरच दिलेलं असतं. ते तोडून माणूस बाहेर काढणं म्हणजे कोर्टाला वळसा घालणं. धमकी मिळाल्यावर आधी एक साधं पत्र द्या: भाडं डिसेंबरपर्यंत पूर्ण भरलेलं आहे, अमुक तारखेला मोटार बंद करण्याबद्दल बोलणं झालं, तसं करू नये. पोहोच घ्या किंवा पोहोच-पावतीसह टपालानं पाठवा. खरंच बंद केलं तर व्हिडिओ काढा, तारखेसह, आणि दिवाणी न्यायालयातून मनाई हुकूम मागता येतो. पोलीस "हे सिव्हिल मॅटर आहे" म्हणून परत पाठवतील. तरी लेखी तक्रार द्या आणि तिची पोच घ्या, तो कागद पुढं कामाला येतो. आणि तुम्ही कामावर असताना सामान बाहेर काढून कुलूपच घातलं, तर विशिष्ट सहायता कायदा, १९६३ च्या कलम ६ खाली सहा महिन्यांच्या आत दावा लावून ताबा परत मिळवता येतो. तिथं घराचा मालक कोण हा प्रश्नच कोर्ट विचारत नाही, कायद्याची वाट सोडून ताबा काढला का एवढंच बघतं. सहा महिने मात्र मोजून ठेवा, सातव्या महिन्यात ही वाट बंद होते. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना आणि ठरावीक मर्यादेच्या आतल्या उत्पन्नवाल्यांना तिथं मोफत वकील मिळतो. नेहरूनगरच्या हॉस्पिटलांत काम करणाऱ्या, तिघी-चौघी मिळून राहणाऱ्या मुलींना हे मी मुद्दाम सांगतो, कारण त्यांना उत्पन्नाची अटही नाही.

यात तुमची बाजू भक्कम राहते ती एकाच गोष्टीमुळं, भाडं थकलेलं नाही. मालकाशी भांडण झालं की भाडं थांबवायचं, ही पहिली चूक मुलं करतात. मालक घेत नसतील तर खात्यात टाका, सोबत 'जानेवारी भाडे' असं लिहा. "शेवटचे चार महिने डिपॉझिटमधून कापा" हेही मालकाच्या संमतीशिवाय चालत नाही. डिपॉझिट हा भाड्याचा आगाऊ हप्ता नसतो.

विजेचं तुम्ही एका ओळीत लिहिलंय, "युनिटला आठ रुपये घेतात". इथं जरा खोदा. ऑगस्ट २०२३ च्या बिलांपासून कर्नाटक सरकारच्या गृहज्योती योजनेखाली २०० युनिटपर्यंतच्या घरगुती वापराला सवलत आहे, ती भाडेकरूंनाही मिळते, आणि ती आरआर नंबरला (बिलावरच्या वीजजोडणीच्या क्रमांकाला) आधार जोडून मिळते. वरच्या मजल्याला हेस्कॉमचं, म्हणजे इथल्या वीज कंपनीचं, स्वतंत्र मीटर असेल, तर त्या नंबरचं बिल मागून बघा. बिल शून्य येत असताना वरून युनिटला आठ रुपये घेणारे मालक मी पाहिलेत. आधार पुण्याच्या गड्याचं जोडलेलं असेल तर त्याला ते काढायला सांगा, नाहीतर तुमचं जोडता येणार नाही आणि पुण्यात त्याला त्याचा उपयोगही नाही. फक्त सबमीटर असेल तर सवलत खालच्या मुख्य मीटरवर जाते, मग दर ठरवायची वेळ नवीन बाँडचीच. आणि चौघांच्या घरात एक हिशेब आणखी असतो: महिन्याचा वापर २०० च्या वर गेला की जास्तीच्या युनिटांपुरतं नव्हे, सगळंच बिल भरावं लागतं. ज्याच्या खोलीत गिझर आणि इंडक्शन शेगडी रात्रंदिवस चालते त्याच्यामुळं बाकीच्या तिघांची सवलत जाते. यावरून झालेली भांडणं भाड्याच्या भांडणांपेक्षा जास्त कडू असतात.

घर सोडताना रंगाचे पैसे कापतील. बाँडमध्ये तशी रक्कम लिहिलेली असेल तर द्यावी लागेल. नसेल, तर वापरानं होणारी साधी झीज भाडेकरूच्या माथी मारता येत नाही. फुटलेलं बेसिन मारता येतं. बेसिन कुणी फोडलं याच्याशी मालकाला देणंघेणं नाही, तो डिपॉझिटमधून कापणार, मग ज्यानं फोडलं त्यानं बाकीच्यांना भरून द्यायचं. राहायला येताना काढलेले फोटो कुणाकडं असतील तर आत्ताच सगळ्यांच्या मोबाइलवर घ्या. नसतील तर आजचे काढा.

आता तो आपसातला कागद. नवीन चौथा आला की त्या रविवारी चौघं बसा आणि वहीच्या एका पानावर, मराठीत, आपल्याला कळेल असं लिहा. भाडं १४,०००, कुणाचा वाटा किती. अटॅच्ड बाथरूमच्या खोलीवाला जास्त देत असेल तर तो आकडा, कारण न लिहिता वाटे सारखेच धरले जातात. डिपॉझिटमध्ये कुणाचे किती. सोडून जायचं असेल तर किती दिवस आधी सांगायचं, आणि बदली माणूस मिळेपर्यंत जास्तीत जास्त किती महिने त्यानं आपला वाटा भरायचा. मी दोन महिने सुचवतो, त्याच्या वर गेलं की कुणी सही करत नाही. बदली माणसाला बाकीच्या तिघांची पसंती हवी की दोघांची पुरे. लाइटबिल २०० युनिटच्या वर गेलं तर कुणी भरायचं. खाली चार सह्या, तारीख, आणि प्रत्येकाच्या घरचा एक फोन नंबर. हा कागद मालकाला दाखवायचा नाही, त्याला त्याच्याशी घेणं नाही. फोटो काढून ग्रुपवर टाका आणि पिन करा. आईवडिलांचा नंबर पानावर आहे एवढ्यानंच बरेच हिशेब वेळेवर मिटतात, हे मी कोर्टात नव्हे, माझ्या मुलाच्या रूमवर शिकलो.

मालकांकडं जायचं असेल तर एक तारखेच्या आधी जा, जानेवारीचं भाडं खात्यात टाकून, नव्या मुलाला सोबत घेऊन. बाँडची झेरॉक्स खिशात असू द्या, पण त्यांनी मोटारीचा विषय काढल्याशिवाय बाहेर काढू नका.